शेडचे दिवे

खडूचा पहिला गोल पुंजारामने शेडच्या मधोमध काढला, लांब उभा राहून पाहिला आणि चपलेने पुसून टाकला. मग हातभर अलीकडे दुसरा काढला. अंबडच्या कंपनीत निम्मी हयात घालवून आलेला हा माणूस कागदावरच्या नकाशाला नकाशा मानत नसे. दिवा जिथे टांगायचा त्याच्या बरोबर खाली जमिनीवर गोल काढायचा. त्या गोलावर धाकट्या भावाने, राजूने, बांबूला बांधलेला दिवा उंच धरून उभं राहायचं आणि कामाच्या जागी दुसऱ्या कुणीतरी वाकायचं. वाकलेल्याच्या हातावर त्याच्याच डोक्याची सावली पडली की गोल पुसायचा, नाही पडली की पक्का. त्याच्या मते यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं, नुसतं बघायचं होतं. लोक बघत नाहीत, एवढीच त्याची तक्रार होती.

घटस्थापना तोंडावर आली होती. एकदा द्राक्षांची छाटणी सुरू झाली की मातोरीपासून गिरणाऱ्यापर्यंतचे फवारणीचे ब्लोअर दुरुस्तीला याच शेडमध्ये येणार, म्हणून उद्या वायरमन बोलावला होता. शेड कसली, अर्ध्या गावाला हेवा वाटावा असा दांडगा पसारा होता तो. एका अंगाला दोन पिकअप, ट्रॅक्टर आणि राजूची कार. दुसऱ्या अंगाला लेथ, वेल्डिंगचा कोपरा आणि गाडीखाली उतरायचा खड्डा. पण उजेड म्हणाल तर आजवर दोन लोंबकळत्या ट्यूब. रविवारची संध्याकाळ साधून सगळं घर शेडमध्ये जमलं होतं, कारण या घरात कुणाला न विचारता खिळा ठोकला तरी वर्षभर ऐकून घ्यावं लागे.

"लेथवर डावीकडून पाहिजे," पुंजाराम म्हणाला. "राजू, बांबू सरळ धर. झोपला का काय?"

"धरलाय ना दादा. हात भरून आले माझे."

"खड्ड्यात भिंतीत बसवू, काचेच्या आत. वरून कितीबी उजेड पाडा, गाडीखाली अंधारच राहतो. आणि वेल्डिंगचं बटण वेगळं."

दोघांची आई सावित्रीबाई दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होती. नवरा गेल्यापासून घराचा शेवटचा शब्द तिचा होता आणि तो ती बहुधा पहिल्यांदाच बोलून टाकी. "एवढे दिवे लावून लगीन लावायचंय का शेडचं?" ती म्हणाली. मोठी सून सिंधू हसली. धाकटी, राजूची बायको मीना हसली नाही. ती चहाचे कप गोळा करत होती आणि तिचं लक्ष खडूच्या गोलांकडे होतं.

पुंजाराम मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथल्या दारातून बाहेर हात करून म्हणाला, "ही भिंत उद्या पडणार. शेड पार पलीकडच्या बांधापर्यंत न्यायची. शेवंतीच्या वावरात सकाळी रोटर फिरवून घेतो, मग मुरूम टाकू. मागच्या बाजूला आता दोन फ्लडलाइट आहेत, तिथं चार करू."

मागच्या वावरात शेवंती उभी होती. कमरेएवढी, हिरवीगार, आणि सलग दुसऱ्या वर्षी बिनफुलांची. वावर मोडायचं आठवड्यापूर्वीच ठरलं होतं, तरी पुंजारामने ते बोलताना मीनाकडे पाहिलं नाही. ती या घरात आली तेव्हापासून शेवंती तिनेच सांभाळलेली, आणि वर्षभर तिला त्या वावरात पाय ठेवायची बंदी होती.

"दादा," मीना म्हणाली, "मागच्या खोलीत एक घेता का?"

"कुठल्या खोलीत?"

"पाण्याच्या मोटरीच्या."

पुंजारामच्या हातातला खडू तसाच राहिला. मोटरीच्या खोलीत कोण बसतं, महिन्यातून किती दिवस बसतं आणि तिथे बल्ब नाही, हे त्याला माहीत होतं. पण दिराजेठांसमोर बोलायची ती गोष्ट नव्हती, म्हणून तो आजवर ते माहीत नसल्यासारखा वागत आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली की त्याचा आवाज चढे. "बघू नंतर. आधी कामाचं तर होऊ दे," तो म्हणाला.

सिंधूने मीनाच्या हातातले कप घेतले. मदत म्हणून नाही, ती जागेवरून हलावी म्हणून.

गेल्या वर्षीचं सगळं सिंधूला लख्ख आठवत होतं आणि आठवायला नको होतं. शेवंतीची पहिली परडी वणीच्या देवीला जाते, तिथून पुढे बाजारात, ही सासऱ्यांच्या आधीपासूनची रीत. म्हणून महिन्याच्या त्या दिवसांत बाईने फुलाच्या वावरात जायचं नाही. बाकी सोवळंओवळं घरातून कधीच गेलं होतं, दोघी सुना स्वयंपाक करत, गाईचं करत, फक्त वावराचा नेम राहिला होता. आणि गेल्या वर्षी नेमकी मीना त्या दिवसांत वावरातून बाहेर येताना सावित्रीबाईला दिसली. ठिबकचा पाइप फुटला होता, म्हणून कॉक बंद करायला गेले, एवढंच ती म्हणाली. विचारल्यावर खोटं बोलली नाही, हीच तिची चूक, असं सिंधूला तेव्हाही वाटलं होतं. पुढे नवरात्र आलं, दसरा गेला, दिवाळी गेली. आसपासच्या सगळ्या वावरांत पिवळाधमक बहर आणि यांच्या शेवंतीला नुसता पाला.

मग सावित्रीबाईने देवळ्याहून मीनाच्या आईला बोलावून घेतलं. साळूबाई एसटीने आली. कांद्याच्या कामातून तशीच उठून आल्यासारखी, पदराला माती. अंगणात शेजारपाजार उभा असताना तिने सावित्रीबाईच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, लेकीला वळण लावायला मी कमी पडले, एवढ्या बारीला पोटात घाला. पाणीसुद्धा न पिता परत गेली. त्यानंतर ती या घरी आली नव्हती. लेकीशी फोनवर बोले ते नीट वाग, एवढंच सांगायला.

तेव्हापासून त्या दिवसांत मोटरीच्या खोलीत बसणं सुरू झालं. सिंधूलाही वर्षभर बसावं लागलं. त्याचा राग तिने सासूवर नाही, मीनावर काढला. सोपं पडतं ते. सासूच्या बाजूला उभं राहिलं की घरात निदान एक बाजू तरी आपली असते. सिंधूला हे आपल्याबद्दल माहीत होतं आणि त्याचा तिला अभिमान नव्हता.

पण या वर्षीचं काय? या वर्षी मीनाने एकदाही बांध ओलांडला नव्हता. तरी शेवंती हिरवीच. घरातल्या प्रत्येकाला ते दिसलं होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याने बोलायची वाट पाहत होता. सिंधूने एकदा, भीत भीत, सासूपुढे विषय काढला होता. "देवीचा कोप एका वर्षात उतरत नाय," सावित्रीबाई म्हणाली होती. त्यानंतर आठ दिवसांत वावर मोडायचं ठरलं. वावरच नसलं की प्रश्नही राहत नाही.

"वहिनी, बटण दाबा," राजू ओरडला. "मागचे फ्लड लावून बघतोय."

बाहेर अंधारत आलं होतं. एरवी हे दोन दिवे आपोआप लागत आणि सकाळपर्यंत जळत. मागच्या साली पावसाळ्यात शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी चोरीला गेली, त्या आठवड्यात पुंजारामने ते मागच्या भिंतीवर बसवले होते. सिंधूने बटण दाबलं. मागचं वावर एकदम पांढरंफटक उजळलं, इतकं की पानांच्या शिरा दिसाव्यात.

राजू मागच्या दाराने बाहेर पडला. दादाचं म्हणणं होतं, उजेड कुठपर्यंत पोचतो आणि कशाने अडतो ते पाहून ये, म्हणजे चार दिवे कसे फिरवायचे ते ठरेल. अडवणारी गोष्ट एकच होती. आषाढात आस तुटल्यामुळे ट्रॉली वावराच्या तोंडाशीच उभी राहिली होती. तिच्यात द्राक्षांचे रिकामे क्रेट माणसाच्या वर रचून ताडपत्री टाकलेली. शेडमधून पाहिलं तर तिच्यामागचं काही दिसत नसे. आणि मागे जाऊन बघायला आता जायचंच कोण? मीनाला बंदी, सिंधूला कंटाळा, पुरुषांना वेळ नाही. पाणी ठिबकने आपोआप मिळत होतं.

राजू ट्रॉलीला वळसा घालून मागे गेला आणि थांबला.

ट्रॉलीची सावली वावरात लांबवर तिरपी पडली होती. त्या सावलीत शेवंती पिवळी होती. काही कळ्या, काही अर्धी फुललेली, काही पूर्ण. सावली जिथे संपत होती तिथे पिवळं संपत होतं. त्या कडेच्या अलीकडे एक झुडूप फुलांनी लगडलेलं आणि त्याच्या शेजारचं, उजेडातलं, नुसतं पाल्याचं. एका झुडपाच्या तर अर्ध्याच अंगाला कळ्या होत्या.

त्याने मोबाइलचा टॉर्च लावून उगाचच जवळ जाऊन पाहिलं. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याला आठवलं, गेल्या वर्षी ट्रॉली इथे नव्हती. गेल्या वर्षी सगळ्या वावरावर रात्रभर उजेड होता.

"दादा," त्याने हाक मारली. "दादा, इकडं या."

पुंजाराम आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. आयुष्यभर सावल्या बघणारा माणूस तो. त्याने एकदा भिंतीवरच्या दिव्याकडे पाहिलं, एकदा ट्रॉलीच्या माथ्याकडे, मग वाकून सावलीच्या कडेवर पाय ठेवला आणि कडेकडेने चालत गेला. शेवटपर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बंद कर," तो म्हणाला.

"काय?"

"लाइट बंद कर ती."

पण तोवर सिंधू बाहेर आली होती, तिच्यामागे मीना. मीना बांधावर थांबली. सवयीने. सिंधू पुढे गेली आणि पाहून तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"आमच्या दिंडोरीचे पॉलीहाऊसवाले," ती हळूच म्हणाली, "शेवंतीला रात्री दिवे लावतात. फूल उशिरा यावं म्हणून. रात्र लहान वाटली की ती कळी धरत नाही, असं माझा भाऊ सांगत होता."

पुंजाराम वळला. "मग बोलली का नाहीस?"

"अहो, ते फुलांसाठी लावतात. आपण चोरासाठी लावले होते. माझ्या डोक्यातच नाही आलं."

दुसरी वेळ असती तर या उत्तरावर राजू खो खो हसला असता. आता कुणीच हसलं नाही, कारण वाक्य खरं होतं. तेच दिवे, तोच उजेड, पण चोरासाठी लावलेला दिवा शेवंतीलाही दिसतो हे फुलांवर पिढ्या काढलेल्या या घरात एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सासरे सांगत, शेवंतीला रात्र लागते. ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पण विटाळाचं कारण घरात इतकं आयतं हाताशी होतं की दिव्याकडे बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

"काय झालं रे?" दारातून सावित्रीबाईचा आवाज आला. "साप निघाला का?"

ती खुर्चीवरून उठली आणि भिंतीला धरत बाहेर आली. पुंजारामने तिला हाताने थांबवायचा प्रयत्न केला, तेव्हाच तिला कळलं की बघण्यासारखं आहे. ट्रॉलीमागे जाऊन ती बराच वेळ उभी राहिली. तिला फुलांचं कळत होतं. या शिवारात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तिने एक कळी चिमटीत धरली, मग शेजारच्या उजेडातल्या झुडपाचा शेंडा चाचपला.

बोलायला सुरुवात पुंजारामने केली, आणि तो दिव्यांबद्दल बोलला. "मागच्या बाजूला फ्लड नकोतच. नुसती सेन्सरची लाइट ठेवू, कुणी आलं तरच लागेल. आणि तोंड रस्त्याकडं. रोटरवाल्याला आत्ता फोन करतो, नको म्हणून. शेड दुसऱ्या बाजूनं वाढवू, आपल्याला काय एकच बाजू आहे का?"

"सेन्सरला मांजर गेलं तरी लागते," राजू म्हणाला.

"मग खाली झापड लावू पत्र्याचं."

"पत्र्याचं नको, वाऱ्यानं वाजेल," सिंधू म्हणाली.

सावित्रीबाई ऐकत होती. तिघं किती जोरात बोलत होते. झापड, बटण, सेन्सर, रस्त्याकडं तोंड. तिचीच लेकरं, तिच्याच वळणाची. लाज वाटली की कामाला लागायचं, हे त्यांनी तिच्याकडूनच उचललं होतं. बांधावर मीना उभी होती आणि दिव्यांच्या एवढ्या बोलण्यात तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. सावित्रीबाईलाही ते घेता येईना. पोरीला काय म्हणायचं? चार माणसांत जे बोलले ते बोलले, आता विसर? आपण हिच्या आईला पाया पडायला लावलं. आणि त्या वेळी आपल्याला बरं वाटलं होतं. हे तिला आता आठवलं आणि तिला तिथे उभं राहवेना.

"आई," राजू म्हणाला. तो इतका वेळ खाली बघत होता. "एक सांगायचं होतं."

"अहो, राहू द्या," मीना बांधावरून म्हणाली.

"नाही, बोलू दे. आई, त्या दिवशी मी फूलबाजारात होतो. पाइप फुटल्याचं मला पलीकडच्या वावरातून फोनवर कळलं. मीच मीनाला फोन केला. ती म्हणाली, मला जाता येत नाही. मी म्हणालो, जा गं, कोण बघतंय."

"आणि तू गप्प बसला?"

"बसलो."

"तिची माय माझ्या पायावर पडली तेव्हा कुठं होता तू?"

"इथंच," राजू म्हणाला. "शेडमध्ये. खड्ड्यात उतरलो होतो. गाडीचं काम काढलं होतं."

पुंजारामने मान फिरवली. त्या दिवशी खड्ड्यात दिवा नव्हता आणि राजू तिथे नुसताच बसून राहिला होता, हे त्याला माहीत होतं. त्याने तेव्हा वरून पाहिलं होतं आणि धाकट्या भावाला शरम वाटू नये म्हणून विचारलं नव्हतं. या घरात सगळे एकमेकांची अशी काळजी घेत. ती कधी घेतली गेली नाही ती फक्त मीनाची.

सावित्रीबाईने मुलाकडे पाहिलं. त्याला बोलायला तिच्याकडे शब्द तयार होते, नेहमीचे, धारदार. पण ते आता कुठल्या तोंडाने काढायचे? राजूने नुसता फोन लपवला होता. बाकीचं तिने केलं होतं. ती वळून बांधाकडे गेली. मीनाच्या समोर उभी राहिली तेव्हा तिला सुचलं ते एवढंच, "आत ये. उभी का राहिली? वावर तुझंच हाय."

मीना आली नाही.

"आत्याबाई, फुलं आली काय न् नाही आली काय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी चिरताना बोलावं तसा. "मला पण वाटत होतं माझ्यामुळंच झालं. वर्षभर मी रोज रात्री देवीची माफी मागत होते. ते जाऊ द्या. पण माझ्या मायला कोण सांगणार?"

"तू सांग ना. आत्ता लाव फोन," सिंधू पटकन म्हणाली.

"मी सांगून तिला पटायचं नाही. ती म्हणेल, पोरगी आपली चूक झाकतेय. ज्यांनी बोलावलं होतं त्यांनी सांगायला पाहिजे."

सिंधूने दोन पावलं टाकली आणि मीनाच्या शेजारी बांधावर जाऊन उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्या बाजूला उभी होती. सासूने ते पाहिलं.

सावित्रीबाईला वाटलं, उद्या करू. सकाळी, शांतपणे, घरात बसून. मग तिला वाटलं, उद्या आपण करणार नाही. आपल्याला आपण चांगलं ओळखतो. "लाव," ती राजूला म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येईल असा लाव. ते पण सगळ्यांसमोरच झालं होतं."

राजूने फोन लावून तिच्या हातात दिला. रिंग बराच वेळ वाजली. पलीकडे उचलला गेला तेव्हा मागे कांद्याच्या चाळीत बायकांचं बोलणं आणि हसणं ऐकू येत होतं.

"कोन?"

"मी बोलतेय, विहीणबाई. मातोरीहून. सावित्रीबाई."

पलीकडचं हसणं लांब गेलं. साळूबाई चालत बाजूला गेली असावी. "बोला ना," ती म्हणाली. "बरे हायेत का समदे?"

"बरे हाय. म्हटलं, बोलावं जरा."

"काय केलं का मीनानं?"

"नाय नाय. काय केलं नाय तिनं."

"मग?"

सगळे सावित्रीबाईकडे बघत होते आणि फ्लडच्या उजेडात तिला कुणाच्याच नजरेआड होता येत नव्हतं. "मागच्या वर्षीची गोष्ट," ती म्हणाली. "शेवंतीची. ती तुमच्या पोरीमुळं नव्हती झाली. आमच्या लाइटी होत्या इथं, रातभर चालू. त्यानं फूल धरलं नाय. आज दिसलं आम्हाला. तिची काही चूक नव्हती. माझीच होती. मी तुम्हाला उगाच बोलावून घेतलं."

"व्हय का," साळूबाई म्हणाली. रडणाऱ्या लेकराला म्हणतात तसं. "बरं, बरं. तुमी म्हनता तसं."

"आवं, खरंच सांगते."

"तुमचं मन मोठं हाय, विहीणबाई. लाइटीवर घालताय समदं." तिचा आवाज खाली आला. "पर मला कळतंय. असा सांजचा फोन उगा कोन करतं व्हय? परत काय तरी झालं असंल तिच्या हातून. तुमी सांगत नाय, एवढंच."

"माय," मीना पुढे होऊन म्हणाली, "माय, काही झालं नाही गं. आत्याबाई खरं सांगताहेत."

"तू गप बैस," साळूबाई तिला म्हणाली. "मोठी मानसं बोलतायत ना." मग पुन्हा मऊ होऊन, "विहीणबाई, एवढ्या बारीला पन पोटात घाला. मी सकाळच्या गाडीनं येते. पाया पडते परत तुमच्या. तवर तिला काय बोलू नका."

"नाय हो, ऐका, विहीणबाई, ऐका..."

"येते मी," साळूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

सावित्रीबाई फोन हातात धरून तशीच उभी राहिली. मीनाने डोळ्यांना पदर लावला होता. सिंधूने तिचा दंड धरला. पुंजाराम भिंतीवरच्या दिव्याकडे पाहत होता आणि तो बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"परत लाव," सावित्रीबाई म्हणाली.

राजूने लावला. फोन वाजत राहिला. त्याने पुन्हा लावला, आणि पुन्हा. तिकडे साळूबाई पिशवी भरायला लागली असणार.